अकूस्टिक टेलिमेट्री, खाडीतील

जलचराच्या अंगात किंवा अंगावर ध्वनी सोडणारा टॅग बसवायचा आणि पाण्यात ठेवलेल्या रिसीव्हरांवर त्याच्या येण्याजाण्याची नोंद घ्यायची, ही माग काढण्याची पद्धत. खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी लगेच विरतात; ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने दूरवर जातो. जानेवारी २०२२ मध्ये कोकणातल्या वेळासला 'प्रथमा' या ऑलिव्ह रिडले कासवाच्या मादीला उपग्रह टॅग लावला गेला. कासव श्वासासाठी वर येते, म्हणून ते जमले. ठाणे खाडीच्या गढूळ पाण्यातल्या जिताडा माशाच्या बाबतीत ती सोय नाही.

जिताडा इथे उदाहरण म्हणून घेण्याजोगा आहे. तो आधी नर असतो, मोठा झाल्यावर मादी होतो आणि अंडी घालायला खाऱ्या मुखाकडे जातो. मोठे मासे कधी आणि कुठून बाहेर पडतात हे कळले, तर जाळी कधी आवरायची हे ठरवता येते. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य (२०१५) ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यान आहे. त्यामुळे दोन्ही टोकांना रिसीव्हरांच्या दोन-दोन रांगा हव्यात: कोणत्या रांगेने आधी ऐकले, यावरून दिशा कळते. एकाच रांगेतून फक्त मासा तिथे होता एवढेच समजते. अभयारण्यातील कामासाठी वनखात्याची परवानगी लागते.

बहुतेक टॅग ६९ किलोहर्ट्झवर चालतात. टॅगचा क्रमांक स्पंदांमधल्या अंतरांतून कळतो; एक संदेश पुरा व्हायला तीन-चार सेकंद लागतात. दोन माशांचे संदेश एकमेकांवर आले, तर एकही नोंद होत नाही किंवा भलताच क्रमांक उमटतो. म्हणून संदेश ठरावीक ठेक्याने न सोडता ६० ते १८० सेकंदांत केव्हाही सोडतात. दिवसभरात एकदाच आलेली नोंद सहसा बाद धरतात. दोन संदेशांमधला वेळ कमी केला तर नोंदी वाढतात, पण बॅटरी लवकर संपते.

टॅगचे वजन माशाच्या वजनाच्या २ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे; ५ ग्रॅमच्या टॅगला मासा किमान २५० ग्रॅमचा हवा. लवंग तेलाच्या पाण्यात गुंगी आणून, कल्ल्यांवरून सतत पाणी सोडत, पोटाला सुमारे २ सेंमी चीर देतात, टॅग आत सरकवतात आणि दोन-तीन टाके घालतात. पोहणे पूर्ववत झाल्याशिवाय मासा सोडत नाहीत. चिंबोरीच्या (खेकड्याच्या) कवचावरचा टॅग ती कात टाकेपर्यंतच टिकतो.

खरी अडचण रिसीव्हरची आहे. उघड्या समुद्रात काहीशे मीटर ऐकू येणारा टॅग खाडीत गाळ, बुडबुडे आणि बोटींच्या आवाजामुळे बराच कमी ऐकू येतो. उधाणात पाणी पाचेक मीटर चढते-उतरते, आणि ओहोटीला उघडा पडलेला रिसीव्हर बहिराच. म्हणून आधी ठरावीक अंतरांवर टॅग टांगून, उधाणाला आणि भांगाला (पाणी सर्वांत कमी चढते-उतरते तेव्हा), पल्ला मोजावाच; किती अंतरावर निम्मे संदेश ऐकू येतात, त्यावरून रिसीव्हरांमधले अंतर ठरते. शिवाय एक टॅग रांगेजवळ कायम बांधून ठेवतात. तोही गप्प झाला, तर मासे निघून गेले असा निष्कर्ष काढता येत नाही. ही खबरदारी खर्च वाचवायला टाळतात आणि मग वर्षभराच्या नोंदी फुकट जातात.

रिसीव्हर तळाशी सिमेंटच्या ठोकळ्यावर बसवला, तर ठोकळा चिखलात रुतून तो आडवा होतो. त्यापेक्षा जेट्टीचा खांब बरा. कालवं आणि बार्नॅकल बसतात म्हणून रिसीव्हरच्या नळकांड्याला चिकटपट्टी गुंडाळतात, म्हणजे साफ करताना तीच सोलून काढता येते. एकाच रिसीव्हरवर दिवसचे दिवस सारखा येणारा टॅग बहुधा मेलेल्या माशाचा, नाहीतर गाळात पडलेला असतो.

वेळेचा घोळ तर नेहमीचा. रिसीव्हरचे घड्याळ बऱ्याचदा ग्रीनिच वेळेवर असते, भरती-ओहोटीचे तक्ते भारतीय वेळेवर. फरक साडेपाच तासांचा, आणि भरतीपासून ओहोटीपर्यंत जातात सुमारे सव्वासहा तास. दुरुस्ती राहिली तर भरतीला आलेला मासा ओहोटीला आल्यासारखा दिसतो.