क्रिएटिनिन वाढलं: रिजेक्शन की इन्फेक्शन?

आईची किडनी बसवून वर्ष झालंय, मूल पुन्हा शाळेत जाऊ लागलंय आणि अचानक रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, जो किडनी गाळून टाकते; किडनीचं काम मंदावलं की तो वाढतो) ०.५ वरून ०.८ वर. लॅबच्या कागदावर खूणही नसते, कारण मोठ्या माणसाला ०.८ नॉर्मलच. पंधरा किलोच्या लेकरासाठी मात्र ही मोठी उडी आहे.

रिजेक्शनमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती नव्या किडनीला परकी समजून तिच्यावर तुटून पडते. इन्फेक्शनमध्ये ती रिजेक्शन टाळायच्या गोळ्यांनी इतकी दबलेली असते की जंतूंचं फावतं. ताप, कमी झालेली लघवी, वाढलेलं क्रिएटिनिन हे दोन्हींत दिसू शकतं. रिजेक्शन तर कित्येकदा ताप, दुखणं काहीच न देता येतं.

उपचार मात्र अगदी उलटे. रिजेक्शनला बहुतेकदा शिरेतून स्टेरॉइडचे मोठे डोस देतात. किडनीत बीके व्हायरस वाढला असेल, तर टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेटसारख्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कमी कराव्या लागतात. अंदाज चुकला की एकाचं औषध दुसऱ्याला बळ देतं. म्हणून टॅक्रोची (टॅक्रोलिमसची) रक्तातली लेव्हल, जंतू शोधायला लघवीचं कल्चर, बीके व्हायरस शोधणारी पीसीआर तपासणी, सोनोग्राफी आणि तरीही उलगडलं नाही तर बायॉप्सी, म्हणजे सुईने किडनीचा छोटा तुकडा काढून तपासणं. सुई म्हटलं की आईबापांच्या पोटात गोळा येतो, ते मी समजू शकते. पण डॉक्टर सांगत असतील तर ती लांबवू नका.

मुलांमध्ये हे ओळखणं आणखी अवघड. लहान अंगात मोठ्या माणसाची किडनी म्हणजे गरजेपेक्षा जास्त ताकद, त्यामुळे बरंच नुकसान होईपर्यंत क्रिएटिनिन हलतच नाही. शिवाय सीएमव्ही, ईबीव्ही हे व्हायरस मुलाला कधी भेटलेले नसतात आणि देणाऱ्याच्या किडनीतून पहिल्यांदाच येऊ शकतात.

मुंबईच्या पावसाळ्यात तिसरीच शक्यता असते: जुलाब. अंगातलं पाणी कमी झालं की क्रिएटिनिन वाढतं. जुलाबात टॅक्रोची लेव्हलही चढते, आणि चढलेली लेव्हल किडनीलाच त्रास देते. गणपतीत घरी आलेलं पपनसही ती लेव्हल वाढवू शकतं, तेव्हा या मुलाला ते देऊ नका.

ताप आला किंवा गोळीनंतर लगेच उलटी झाली, तर घरच्या घरी डोस वाढवू-कमी करू नका, त्याच दिवशी ट्रान्सप्लांट टीमला फोन करा. लेव्हल तपासायची असेल तर सकाळची गोळी द्यायच्या आधी रक्त द्या आणि गोळी सोबत न्या.