शिकागो उचललं ते मळसुत्रानं

शिकागोतल्या जुन्या घरांचे फोटो समाजमाध्यमांवर फिरत असतात: रस्त्याखाली अर्धवट गेलेल्या खिडक्या, खड्ड्यात उतरलेलं अंगण. सोबत मजकूर असा की एक प्रगत संस्कृती चिखलाच्या महापुरात गाडली गेली आणि इतिहासकारांनी ते दडवलं. दडवण्यासारखं त्यात काही नाही. घर खचलेलं नाही, रस्ता वर आला आहे. आणि तो वर आणला गटारासाठी.

१८४० साली शिकागोची वस्ती ४,४७० होती, १८६० साली १,१२,१७२. कालवा, रेल्वे, धान्य आणि लाकूड यांनी माणसं खेचून आणली. पण मिशिगन सरोवराहून जेमतेम काही फूट उंच असलेल्या त्या सपाट चिकणमातीत पाणी ना मुरत होतं ना वाहत होतं. १८५४ च्या कॉलऱ्यात चौदाशेवर माणसं गेली.

गटारातलं पाणी वाहतं ते ढाळामुळे. वेग सेकंदाला साधारण ६० सेंटिमीटरच्या खाली गेला की वाळू आणि मैला तळाशी बसतो, नळ तुंबतो. पाचशेला एक ढाळ द्यायचा तर किलोमीटरमागे २ मीटर उतार हवा. तेवढं खणलं तर नळाचं तोंड शिकागो नदीच्या पाण्याखाली जायचं. बॉस्टनहून बोलावलेल्या एलिस चेसब्रो या अभियंत्यानं १८५५ मध्ये सरळ उलटा उपाय काढला: विटांची गटारं जवळजवळ जमिनीवरच बांधा, त्यांवर भराव टाका, रस्ताच उंच करा. मग कडेची घरं खड्ड्यात. म्हणून तीही उचला!

हे काम करणारं अवजार म्हणजे स्क्रू जॅक. त्यातलं मळसूत्र म्हणजे खांबाभोवती गुंडाळलेला उतारच. समजा दोन आट्यांत १ सेंटिमीटर अंतर आहे आणि दांडा ९० सेंटिमीटरचा आहे. एका फेऱ्यात हात ५६५ सेंटिमीटर फिरतो, वजन १ सेंटिमीटर चढतं. म्हणजे ताकद ५६५ पट व्हायला हवी. पण वंगण लावूनही चार-पंचमांश मेहनत घर्षण खातं, हाती राहतात ११३ पट. गंमत अशी की हे घर्षणच कामाला येतं. आट्यांचा चढ साडेतीन-चार अंशांचा, आणि धातूवर धातू घसरायला त्याच्या दुपटीहून जास्त चढ लागतो. त्यामुळे दांडा सोडला तरी इमारत मळसूत्र उलटं फिरवू शकत नाही.

१८६० मध्ये लेक स्ट्रीटवर चार-पाच मजली इमारतींची ३२० फूट लांब सलग रांग उचलली. त्या वेळच्या अंदाजानं वजन ३५,००० टन; जॅक ६,०००, माणसं ६००. एका जॅकवर जवळजवळ सहा टन, आणि वरच्या हिशोबानं दांड्यावर पन्नासेक किलोचा रेटा. एका माणसाकडे दहा जॅक. पाच दिवसांत रांग ४ फूट ८ इंच वर गेली, आणि आतली दुकानं चालू होती.

खरी अडचण वजनाची नव्हती, सारखेपणाची होती. विटकाम दाब मुकाट सोसतं, ताण सोसत नाही. भिंतीच्या ३ मीटर लांबीत एक बाजू दुसरीपेक्षा १ सेंटिमीटर वर गेली की तडे दिसू लागतात. एखादा कामगार एक फेरा मागे राहिला तरी तेवढं पुरतं. म्हणून इशाऱ्यावर सगळ्यांनी एकेक जॅक फक्त पाव फेरा फिरवायचा: शेजारच्या दोन जॅकमध्ये फरक अडीच मिलिमीटर.

त्याआधीची तयारी जास्त किचकट. पायाशी खणायचं, भिंतीत ठरावीक अंतरावर भोकं पाडून तुळया सारायच्या, ओंडके आडवे-उभे रचून बैठक करायची, तिच्यावर जॅक. चिकणमातीत बैठक अरुंद ठेवली तर ती दबते, तो जॅक सैल पडतो आणि त्याचा भार शेजाऱ्यांवर जातो. म्हणून आधी सगळे जॅक सारखे आवळायचे, मग उचलायचं. मळसूत्र पुरतं बाहेर आलं की वाकायची भीती. तेव्हा पाचरी मारून भार ओंडक्यांवर घ्यायचा, जॅक खाली करून पुन्हा बसवायचा. शेवटी गवंडी नवा पाया वरपर्यंत बांधत आणत. लाकडी घरांसाठी एवढा खटाटोप कुणी करत नसे. कित्येक घरं ओंडक्यांवरून घरंगळत गावाबाहेर गेली. रेल्वेच्या शयनयानांमुळे पुढे नाव कमावलेला जॉर्ज पुलमन याच धंद्यात होता.

गटारं मात्र नदीत उतरत, नदी सरोवरात, आणि पिण्याचं पाणीही सरोवरातलंच. १८८५ च्या वादळानंतर घाण पाण्यातून पसरलेल्या कॉलऱ्यासारख्या रोगांनी इथं ९०,००० माणसं मेली, ही कथा अजून सांगितली जाते. ती खोटी आहे, त्या वर्षी कॉलऱ्याची साथच नव्हती. विषमज्वर (टायफॉइड) मात्र खरा होता: १८९१ मध्ये त्यानं सुमारे २,००० बळी घेतले. उपाय पुन्हा ढाळाचाच. २८ मैलांचा कालवा खोदून २ जानेवारी १९०० रोजी नदीचा प्रवाह उलटा, मिसिसिपीकडे वळवला. खाली मिसूरी राज्यातलं सेंट लुईस शहर ते पाणी पितं, म्हणून ते राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं. विषमज्वराचे जंतू एवढ्या लांबच्या प्रवासात जिवंत राहतात हे त्याला सिद्ध करता आलं नाही, आणि १९०६ मध्ये दावा फेटाळला गेला.