पाच टन जलपर्णी, दोन सिलिंडर

गोव्यातली साळ नदी जलपर्णीने तुंबली की एक सूचना हमखास येते: काढा आणि तिचा गॅस करा. सूचना चुकीची नाही, फक्त जुनी आहे.

ही वनस्पती मूळची ॲमेझॉन खोऱ्यातली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती शोभेच्या फुलांसाठी बंगालात आली आणि १९३६ मध्ये तिथे तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. गोव्यात खारे पाणी तिला आवरते. भरतीच्या पट्ट्यात ती करपते, पावसात नदी गोडी झाली की पुन्हा खाली उतरते. तळ्यांना मात्र हा आळा नाही. तळ्यांचे बांध आणि दारे सांभाळणे हे एके काळी कोमुनिदादीचे, म्हणजे गावाची सामाईक जमीन पाहणाऱ्या ग्रामसंस्थेचे काम. ती व्यवस्था सैल झाली, त्यात सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळाला. जलपर्णीला आणखी काय हवे?

गॅसची बाजू वेगळीच वाढली. आपला गोबर गॅस, म्हणजे जशभाई पटेलांचा तरंगत्या टाकीचा नमुना आणि १९६२ पासून खादी आयोगाने केलेला त्याचा प्रसार, शेणासाठी घडला. शेण पाण्यात कालवले की वाहते. जलपर्णीच्या देठांत हवा असते, ती वर तरंगते, तंतूंची जाड साय धरते आणि गॅस खालीच अडतो. १९७० च्या दशकात नासाच्या मिसिसिपीतील प्रयोगांत या वनस्पतीपासून मिथेन मिळाला. पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ‘अस्त्र’ या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या गटाने पाल्याचे थर रचून त्यावर संयंत्रातलेच पाणी शिंपडायची पद्धत आजमावली. म्हणजे गॅस होतो का, हा प्रश्न केव्हाच सुटला होता.

अडचण वजनाची आहे. ताज्या जलपर्णीत सुमारे ९४ टक्के पाणी. पाच टनांच्या ट्रकमध्ये कोरडा भाग जेमतेम ३०० किलो, त्यातला कुजणारा २४० किलो. किलोला २५० लिटर धरले तर ६० घनमीटर गॅस, म्हणजे घरगुती दोन सिलिंडरांइतका. डिझेल जाळून पाणी वाहून न्यायचे नसेल तर संयंत्र तळ्याकाठीच हवे. वाळवून कांडी-कोळसा करावा, तर ती सर्वांत जास्त मिळते तो काळ पावसाचा. म्हणून ओलीच वापरणे बरे. काठावर एखादा दिवस निथळली तरी पुष्कळ.

मुळे आधी छाटून टाकावीत. त्यांत वाळू असते, ती तळाशी बसून टाकीची जागा खाते. शिवाय मुळे जड धातू धरतात, त्यामुळे खाण पट्ट्यातल्या पाण्याची जलपर्णी असेल तर स्लरी, म्हणजे गॅस निघाल्यावर उरलेला काला, तपासल्याशिवाय शेतात घालू नये. देठ-पाने एक-दोन सेंटिमीटर चिरावीत. संयंत्र आधी शेणकाल्यावर चालू करावे, गॅस नीट पेटू लागला की चौथा हिस्सा जलपर्णी, मग काही आठवड्यांत निम्मी. घाई केली की आम्ले साचतात, सामू (पीएच) ६.५ च्या खाली गेला की मिथेन बनवणारे जिवाणू मंदावतात आणि गॅस पेटत नाही. अशा वेळी भरणी थांबवावी, थोडी चुन्याची निवळी द्यावी. पुष्कळजण उलट जास्त माल भरतात. तरंगत्या टाकीत आतून आडवे गज जोडून ती रोज फिरवली तर साय मोडते. ‘दीनबंधू’ या दुसऱ्या नमुन्याच्या पक्क्या, बंद घुमटात ही सोय नाही, तिथे चिरणे आणखी बारीक हवे.

तळे साफ झाले की कच्चा माल संपतो आणि उपाशी संयंत्र बंद पडते. त्यामुळे शेण किंवा जवळच्या हॉटेलांचा ओला कचरा ही वर्षभराची भरणी आधी ठरवावी, जलपर्णी हंगामी जोड म्हणून.