बिडकीनचा कारखाना आणि ‘इलेक्ट्रिफाइड’चा गोंधळ

छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीनला कारखाना उभारण्यासाठी टोयोटाने जुलै 2024 अखेर राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. सुमारे 20,000 कोटींची गुंतवणूक, वर्षाला 4 लाख गाड्या. तेव्हापासून ‘ई-गाड्यांचा कारखाना’ हे शब्द तोंडोतोंडी झाले. घोषणेत मात्र हायब्रीडही होत्या, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाड्या.

कंपनीचा आवडता शब्द ‘इलेक्ट्रिफाइड’. त्यात बॅटरीवरची गाडी येते, तशीच 1997 साली जपानमध्ये आलेली प्रियसही. प्रियसच्या मूळ हायब्रीडला प्लग नाही. बॅटरी भरते ती इंजिनातून आणि ब्रेक दाबल्यावर वाचणाऱ्या ऊर्जेतून, म्हणजे मुळात पेट्रोलमधूनच. आज सिग्नलवरून इनोव्हा हायक्रॉस हायब्रीड आवाज न करता सुटते, वेग घेतला की इंजिन जागं होतं. नंबरप्लेट पांढरीच, हिरवी फक्त बॅटरीच्या गाडीला.

आपल्याकडे याच शब्दाने घोळ घातला. 2015 च्या केंद्रीय अनुदान योजनेत माइल्ड हायब्रीडही बसवल्या. त्यांत मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते, एकटी गाडी ओढत नाही. एप्रिल 2017 पासून त्यांचं अनुदान थांबलं, ते योग्यच झालं. पण तीनच महिन्यांनी जीएसटी आला आणि 4 मीटरपेक्षा लांब हायब्रीडवरचा कर सुमारे 30 टक्क्यांवरून उपकरासह 43 वर गेला. बंगळुरूजवळच्या बिडदीत जुळवली जाणारी टोयोटाची कॅम्री हायब्रीड काही लाखांनी महागली. बॅटरीच्या गाड्यांचा कर 12 टक्के होता, ऑगस्ट 2019 मध्ये तो 5 वर आला. माइल्डवरचा राग स्ट्राँग हायब्रीडवर, म्हणजे नुसत्या मोटरवरही काही वेळ चालणाऱ्या गाड्यांवर, निघाला, असं मला ठामपणे वाटतं. शहरातल्या गर्दीत खरोखर पेट्रोल वाचवणाऱ्या गाडीवर तो अन्याय होता.

पण म्हणून कंपनीला निर्दोष ठरवता येत नाही. हायब्रीडच्या यशावर विसंबून ती बॅटरीकडे उशिरा वळली. 2030 पर्यंत वर्षाला 35 लाख बॅटरी गाड्या विकायच्या, असं डिसेंबर 2021 मध्ये जाहीर केलं. पुढच्या वर्षी बीझेड४एक्स ही तिची बॅटरी गाडी बाजारात आली आणि काही आठवड्यांतच परत बोलवावी लागली, कारण चाकांचे बोल्ट सैल होत होते. एप्रिल 2023 मध्ये नेतृत्व बदललं. तरी हायब्रीड सोडलेली नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून उपकर गेला. लहान हायब्रीड 18 टक्क्यांत आल्या. टोयोटाच्या हायरायडर आणि हायक्रॉस दोन्ही 4 मीटरपेक्षा लांब, त्यांच्या हायब्रीडवर 40 टक्के. बॅटरीच्या गाडीवर 5 कायम.