अल्पसंख्याक उद्योजक वेगळा, एससी-एसटी मालकीचा उद्योग वेगळा

"अल्पसंख्याक असल्याचा दाखला काढला की सरकारी टेंडरमध्ये ४ टक्के राखीव मिळतात." हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता उत्तर लिहूनच ठेवतो. नाही मिळत. ते ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या मालकीच्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे आहेत. केंद्राच्या खरेदी धोरणात अल्पसंख्याकांसाठी वेगळा वाटा नाहीच.

हा घोळ थोडा अमेरिकेतूनही येतो. तिथे भारतीय वंशाच्या मालकांना निम्म्याहून जास्त हिस्सा दाखवून 'मायनॉरिटी ओन्ड' हा शिक्का मिळवता येत आला आहे. न्यू जर्सीतला मावसभाऊ ते फोनवर सांगतो आणि इथला माणूस तेच नियम पुण्यात शोधत बसतो. तिथला हिशोब वंशाचा, आपल्याकडचा धर्माचा: मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन. या दर्जावर उद्योजकाला मिळतं ते मुख्यतः सवलतीचं कर्ज, तेही उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असेल तर. केंद्राचं अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळ १९९४ पासून आहे, राज्यात मौलाना आझाद महामंडळ आहे. कर्ज हवं असेल तर तिकडे जा. टेंडर भरताना तो कागद फाइलमध्येच राहू द्या.

आता ज्याच्यावर खरंच टेंडर अडतं ते. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचं खरेदी धोरण २०१२ चं. आज केंद्रीय मंत्रालयं आणि केंद्राच्या सार्वजनिक कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी किमान २५ टक्के अशा उद्योगांकडून घ्यायची असते. त्यातच ४ टक्के एससी-एसटी मालकीच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. मध्यम उद्योग यात नाहीत. नुसता व्यापार करणाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी ऑनलाइन नोंदणी) मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. दुसऱ्याचा माल विकून ४ टक्क्यांवर हक्क सांगणाऱ्यांशी वाद घालण्यात मी आता वेळ घालवत नाही.

सगळे अडखळतात ते मालकीपाशी. अल्पसंख्याक दर्जा माणसाचा असतो. 'एससी-एसटी मालकीचा' हा दर्जा उद्योगाचा असतो, माणसाचा नाही. एकट्याची प्रोप्रायटरी फर्म असेल तर दोन्ही एकच, म्हणून फरक जाणवत नाही. भागीदारी किंवा प्रायव्हेट लिमिटेड झाली की गणित बदलतं: किमान ५१ टक्के हिस्सा एससी-एसटी भागीदारांच्या किंवा प्रवर्तकांच्या नावावर हवा. एकाच्याच नावावर हवा असं नाही. भावाचे २६ आणि बहिणीचे २५ मिळून ५१ झाले तरी चालतं.

यात सर्वांत जास्त मारला जातो तो नवरा-बायकोचा प्रायव्हेट लिमिटेड. सीए सवयीने ५०-५० शेअर लिहितो. नवरा अनुसूचित जातीचा, बायको दुसऱ्या जातीची. लग्नाने जात बदलत नाही, तेव्हा कंपनी एका टक्क्याने बाहेर. नवराच सगळं चालवतो, सह्या तोच करतो, याने काही फरक पडत नाही. पुढे कुणी गुंतवणूकदार आला आणि ५१ चे ४५ झाले, तर त्या दिवसापासून दर्जाही गेला. हे शेअर वाटायच्या आधी बोलायचं असतं, टेंडर उघडायच्या आदल्या रात्री नव्हे.

हा फरक झाकला जातो तो उद्यमच्या फॉर्ममुळे. तिथे सामाजिक प्रवर्गात जनरल, एससी, एसटी, ओबीसी एवढेच पर्याय असतात. अल्पसंख्याक हा पर्यायच नाही, यावरूनच खरं तर लोकांना कळायला हवं. कंपनीची नोंदणी अधिकृत सही करणाऱ्याच्या आधारवर होते आणि सगळं स्वयंघोषणेवर चालतं, कागद अपलोड करावा लागत नाही. त्यामुळे ३० टक्के हिस्सा असलेल्या संचालकाने एससीवर टिक केलं तरी प्रमाणपत्र छापून येतं. टेंडरमध्ये मात्र जातीचा दाखला आणि शेअरहोल्डिंगचा सीएचा दाखला मागतात, आणि तिथे ते प्रमाणपत्र वाचवत नाही. ओबीसीवर टिक केलेल्यांनीही आशा धरू नये. खरेदी धोरणात त्यांचा उपवाटा नाही.

महाराष्ट्रात एक गाठ वेगळीच आहे. नवबौद्ध उद्योजक अल्पसंख्याकही असतो आणि अनुसूचित जातीचाही, कारण १९९० पासून बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. पण ४ टक्क्यांसाठी उपयोगी पडतो तो अनुसूचित जातीचा दाखला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नुसतं 'बौद्ध' असेल तर त्यावर भागत नाही. ख्रिश्चन झालेल्या दलिताला मात्र अनुसूचित जातीचा दर्जा राहत नाही, आणि ख्रिश्चन आदिवासीचा जमातीचा दर्जा राहतो, कारण जमातीच्या यादीत धर्माची अट नाही. अन्याय वाटेल, आहेही, पण फॉर्म भरताना कायदा असाच आहे.

आणखी दोन गोष्टी. ४ टक्के म्हणजे हमी नाही. एससी-एसटी पुरवठादार आला नाही किंवा भावात बसला नाही, तर तो वाटा इतर सूक्ष्म-लघु उद्योगांकडून भरता येतो. ईएमडीची (टेंडरसोबत भरायच्या अनामत रकमेची) माफी आणि एल-वनच्या, म्हणजे सर्वांत कमी भावाच्या, १५ टक्क्यांच्या आत असाल तर त्या भावावर उतरायची संधी, हे सगळ्याच सूक्ष्म-लघु उद्योगांना आहे. जातीच्या दाखल्याने त्यात भर पडत नाही.

डिक्की ही पुण्यात २००५ साली मिलिंद कांबळे यांनी सुरू केलेली दलित उद्योजकांची चेंबर आहे. तिचं सदस्यत्व ओळखींसाठी, मार्गदर्शनासाठी जरूर घ्या, पण ते जातीच्या दाखल्याच्या जागी चालत नाही. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. 'एससी-एसटी सर्टिफिकेशन पॅकेज' म्हणून त्याचेच हजारो रुपये मागणाऱ्याला विचारा, फीमध्ये नेमकं काय मिळणार? बहुतेक वेळा तीच उद्यमची प्रिंट, रंगीत.