माळ पडीक कधीच नव्हता: दख्खनची ज्वारी, दुष्काळ आणि बदलतं हवामान

सप्टेंबर २०२५ मध्ये सोलापूर जिल्ह्यात सीना नदीला पूर आला आणि माढा, मोहोळकडची शेतं दिवसच्या दिवस पाण्याखाली राहिली, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं की अहो, हा तर दुष्काळी पट्टा ना, मग इथे पूर कसा? प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर द्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. सह्याद्री ढग अडवतो आणि त्याच्या मागे सातारा, सांगलीच्या पूर्व भागापासून सोलापूर, नगर, धाराशिव, बीडपर्यंत पर्जन्यछायेचा पट्टा पसरलेला आहे. ऊन, पाऊस, माती, वणवा आणि चरणारी जनावरं हे सगळं मिळून एखाद्या भागात कुठली झाडं-गवतं टिकणार ते ठरवतात, त्या सगळ्या जीवसृष्टीला मिळून बायोम म्हणतात. आपल्या या पट्ट्याचा बायोम सॅव्हाना आहे, म्हणजे गवताळ माळ आणि मधे मधे हिवर, बाभूळ, बोर, तरटी अशी काटेरी झाडं.

आपल्याला मात्र लहानपणापासून सांगितलं जातं की इथे पूर्वी घनदाट जंगल होतं, माणसाने तोडलं म्हणून माळ झाला. मीही हे कित्येक वर्षं खरं मानत होतो. २०२५ मध्ये दिग्विजय पाटील आणि आशिष नेर्लेकर या संशोधकांनी जुन्या मराठी ओव्या, आख्यायिका, संतकथा यातल्या झाडांचे उल्लेख तपासले, अगदी तेराव्या शतकापासूनचे, आणि त्यातली बरीचशी झाडं माळावरचीच निघाली. पंढरपूरच्या देवळातली कान्होपात्रेची तरटी तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे, ती कोरड्या उघड्या माळावरचीच. म्हणजे इंग्रज यायच्या कितीतरी आधीपासून हा माळ माळच होता.

आता अन्नाकडे येऊ. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन झालं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. तिथे साडेतीन हजार वर्षांपूर्वी लोक राहत होते, सातू (म्हणजे बार्ली) पिकवत होते, नदीच्या पुराचं पाणी वळवायला त्यांनी बांध आणि पाट सुद्धा केला होता. आणि इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास चित्र पालटतं, मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात, शेती आटते आणि शेळ्या-मेंढ्यांवरचा भर वाढतो. ढवळीकरांनी याचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी लावला. मला हे वाचल्यापासून सारखं डोक्यात राहतं, की पाऊस हटला तेव्हा ती माणसं माळाच्या आधाराने तगायचं बघत होती, कारण धान्य नाही आलं तरी गवत येतं आणि गवतावर जनावर जगतं.

पुढे आपल्या ताटात कायमची बसली ती ज्वारी आणि बाजरी, दोन्ही मूळच्या आफ्रिकेतल्या अशाच उष्ण गवताळ प्रदेशातल्या. तिथला बायोम आणि इथला बायोम भावंडं असल्यासारखे, म्हणून त्या इथे रुजल्या. ही पिकं आणि आपलं माळावरचं पवन्या, मारवेल, कुसळी गवत, सगळी सी-फोर जातीची, म्हणजे कडक उन्हात थोड्या पाण्यावर अन्न तयार करायची त्यांची पद्धतच वेगळी आहे. गहू-तांदूळ सी-थ्री, त्यांची ही पद्धत नाही, त्यांना पाणी जास्त लागतं.

रब्बीची ज्वारी कशी येते ते एकदा मंगळवेढ्याच्या शिवारात उभं राहून बघावं. पावसाळाभर रान मोकळं ठेवायचं, काळी माती पाणी पिऊन घेते, मग सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी आणि त्यानंतर एक थेंब नाही पडला तरी चालतं. डिसेंबरात जमिनीला भेगा पडायला लागतात, हात आत जाईल एवढ्या, त्या भेगांतून ओल उडून जाऊ नये म्हणून कोळपं फिरवून माती भुसभुशीत करून भेगा बुजवायच्या, म्हातारी माणसं म्हणतात एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. जानेवारीत हुरडा, मग कणसं, आणि उरलेला कडबा जनावरांना. मालदांडी ही ज्वारीची जात याच भागातली, मोहोळला १९३० च्या दशकात तिच्यातूनच एम-३५-१ हा वाण निवडला गेला, आणि २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय (म्हणजे त्या त्या गावच्या खास मालाचं भौगोलिक) मानांकन मिळालं. दामाजीपंतांनी पंधराव्या शतकात दुष्काळात सरकारी कोठार लोकांसाठी खुलं केलं ती कथाही मंगळवेढ्याचीच, तेव्हा पेवात (धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यात) आणि कोठारात साठवलेलं धान्य म्हणजे गावाचा जीव होता.

माळ आणि शेत यांना जोडणारा माणूस म्हणजे धनगर. पावसाळ्यात मेंढरं माळावर, पीक निघालं की शेतात वाडा (मेंढरांचा मुक्काम) बसवायचा, रात्रभराच्या लेंडी-मुताने रान खतावतं आणि शेतकरी त्याचं धान्य द्यायचा. या व्यवहारात माळाचं गवत खत होऊन ज्वारीत उतरत होतं, ही गोष्ट कुठल्याच जमाखर्चात लिहिली गेली नाही.

इंग्रजांच्या हिशोबात ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक. माळ त्या रकान्यात गेला, १८७८ च्या वन कायद्यानंतर चराईवर बंधनं वाढली, त्याआधी १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला भाव आला आणि कर्ज काढून कापूस लावलेला शेतकरी भाव पडल्यावर सावकाराच्या तावडीत सापडला, १८७५ चे दख्खनचे दंगे त्यातूनच. आणि लगेच १८७६-७८ चा दुष्काळ. प्रशांत महासागरात तेव्हा प्रचंड ताकदीचा एल निनो होता, म्हणजे समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा तापलं होतं आणि तसं झालं की आपला मॉन्सून बऱ्याचदा कमजोर पडतो, पाऊस तर हटलाच, पण भूक लागली ती फक्त पावसामुळे नाही, पेवं रिकामी होती आणि धान्य दुसरीकडे जात होतं. देशभरात लाखो माणसं मेली. नंतर १८८० चा दुष्काळ आयोग, दुष्काळ संहिता आणि नीरेसारखे कालवे आले. कालवे काढले दुष्काळात धान्य वाचवायला, त्यावर वाढला ऊस. १९५० मध्ये लोणीला सहकारी कारखाना उभा राहिला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचं ते काम खरंच मोठं आहे, गावात पैसा आला, शाळा आल्या. पण आज राज्याच्या लागवडीतली उसाखालची थोडीशी जमीन सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा घेते आणि हे पर्जन्यछायेत घडतंय, याकडे डोळेझाक करून चालणार नाही.

१९७२ च्या आठवणी अजून घराघरात आहेत, खडी फोडणं, वाटली जाणारी सुकडी (पिठाचा कोरडा खाऊ), आणि परदेशातून आलेली ती लाल मिलो ज्वारी, जिची भाकरी घशाखाली उतरायची नाही असं आमच्या घरातली मोठी माणसं अजून सांगतात. रोजगार हमी योजना, वि. स. पागे यांचं काम, त्या काळातच उभं राहिलं आणि तिने माणसं जगवली. मात्र पुढे रेशनवर गहू-तांदूळ आला आणि ज्वारी मागे पडत गेली. महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा ज्वारीखाली साठ लाख हेक्टरच्या वर जमीन होती, आता त्याच्या निम्मीही नाही. ज्वारी गेली की कडबाही जातो, कडबा गेला की जनावरं विकली जातात, ती विकली की शेणखत नाही, असं एकातून एक सुटत जातं.

आणि आता पाऊसच बदललाय. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट, आणि दोन वर्षांनी सीनेचा पूर. वाफसा (पेरणीजोगी ओल राहील इतकी जमीन सुकणं) यायला उशीर झाला की रब्बीची पेरणी लांबते, पेरणी लांबली की दाणे भरायच्या वेळी ओल संपलेली असते. शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की गहू-तांदळातलं लोह आणि झिंक घटतं असं प्रयोगांत दिसलंय, ज्वारीसारख्या सी-फोर पिकांना त्याचा फटका बराच कमी बसतो. म्हणजे नेमकं जे पीक पुढच्या हवामानात उपयोगी पडेल तेच आपण सोडत आलोय.

माळाच्या वाट्याला तर हवामान बदलावरचा उपाय म्हणूनच संकट आलं. पडीक म्हणून नोंद असल्यामुळे झाडं लावायला जागा शोधली की माळच सापडतो, २०१९ मध्ये राज्यात ३३ कोटी झाडांची मोहीम झाली. गवताचा कार्बन मुळांत, जमिनीखाली असतो, वणवा लागला तरी तो तिथे राहतो, हे खड्डे खणताना कोण बघणार. नान्नजला १९७९ मध्ये माळढोक या माळावरच्या मोठ्या पक्ष्यासाठी अभयारण्य झालं, माळढोक आता तिथे जवळपास दिसतच नाही. आमच्याकडच्या माळावर गिरिपुष्प या बाहेरून आलेल्या झाडाच्या रांगा लावल्या आहेत, मेंढरं त्या पाल्याला फारसं तोंड लावत नाहीत आणि खाली गवत विरळ झालंय. पावसाळ्यात धनगरांचा वाडा तिथे असायचा, आता ते दोन दिवस थांबतात आणि पुढे निघतात.