निर्बंध, अत्यावश्यक नसलेल्या खरेदी व प्रवासावरील (कोकण)

साथीच्या काळात ज्या खरेदीवाचून आणि ज्या प्रवासावाचून माणसाचे काही दिवस निभेल असे सरकारला वाटते, त्यावर घातलेली तात्पुरती बंदी. कोविड-१९ च्या साथीत, २०२० आणि २०२१ मध्ये, महाराष्ट्रात असे निर्बंध आले, सैल झाले आणि पुन्हा आवळले गेले. त्यांवरून वाद सगळीकडेच झाला. मुंबई-पुण्यात तो मुख्यतः 'किती दिवस बंद' यावर होता. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या किनारी जिल्ह्यांत मात्र 'कोणते दिवस बंद' हा प्रश्न जास्त टोचला. कोकणचे वर्ष ठरावीक तारखांना बांधलेले आहे. हापूस मुख्यतः एप्रिल-मेमध्ये विकला जातो, घर मृगाच्या आधीच शाकारावे लागते, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि गणपती भाद्रपदातच येतात. इथे महिनाभराची बंदी म्हणजे महिनाभराचा खोळंबा नव्हे. ते काम त्या वर्षापुरते बुडाले, असा तिचा अर्थ होतो.

कायदा आणि यादी : निर्बंधांचा मूळ आधार साथरोग अधिनियम, १८९७. मुंबईत १८९६ मध्ये सुरू झालेल्या प्लेगमुळे हा कायदा झाला. तेव्हाही मुंबईतून हजारो माणसे गावाकडे निघाली होती आणि रेल्वेस्थानकांवर, बंदरांवर उतारूंची तपासणी होत होती. सव्वाशे वर्षांनी त्याच कायद्याखाली, जोडीला आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ घेऊन, मार्च २०२० मध्ये राज्याने नियमावली काढली. २३ मार्चला राज्यात संचारबंदी लागली आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. किराणा, दूध, भाजी, औषधे, स्वयंपाकाचा गॅस हे अत्यावश्यक वस्तूंच्या यादीत आले. समुद्रातील मासेमारीला केंद्राने १० एप्रिल २०२० रोजी सूट दिली. पण बर्फाचा कारखाना, डिझेल, लिलाव आणि मुंबईचा बाजार यांतला एक दुवा जरी तुटला तरी होडी किनाऱ्यालाच राहते. त्यामुळे कागदावर सूट मिळूनही मिरकरवाडा, हर्णै, मालवण या बंदरांतले व्यवहार लगेच रुळावर आले नाहीत. लिलावाची गर्दी हा तर साथीच्या दृष्टीने खराच धोका होता.

आगोट : यादीचा आणि कोकणच्या गरजेचा खटका उडाला तो आगोटीच्या खरेदीवर. आगोट म्हणजे पावसाळ्याचे तोंड, आणि बोलण्यात त्यासाठी केलेली बेगमीही. चार महिने वाट चिखलाची, समुद्र बंद, वीज बेभरवशाची. म्हणून चैत्र-वैशाखात घर भरून ठेवायचे. सुके बोंबील, जवळा, सोडे, खारवलेले बांगडे, घाटावरून आलेली लाल मिरची, मसाल्याचे कांडप, वर्षाचा तांदूळ, कोकम, सुकी लाकडे. यातले खाण्याचे बहुतेक जिन्नस यादीत बसत होते, पण ते मिळायचे ठिकाण म्हणजे आठवडा बाजार, आणि गर्दीमुळे आठवडा बाजार बंद. किराणा दुकान उघडे असून सुकी मासळी नाही, मिरची आहे पण कांडपाची गिरणी बंद, अशी अर्धीमुर्धी स्थिती होती.

घराच्या डागडुजीचे साहित्य तर यादीच्या बाहेरच पडले. कौले, पत्रे, ताडपत्री, प्लॅस्टिकचा कागद, सुतळी, पत्र्याचे जे-हुक आणि वायसर. शहरात हार्डवेअरचे दुकान महिनाभर बंद राहिले तर नळ गळत राहतो. कोकणात मे महिन्यात ते बंद राहिले तर जूनमध्ये माणूस झोपतो त्या खाटेवर पाणी पडते. तालुक्याच्या गावांत यावर वाट निघाली ती अर्ध्या शटरची. गिऱ्हाईक बाहेरून चिठ्ठी सरकवी, आतून हात येई आणि कागदात बांधलेले हुक बाहेर येत. पत्रे मात्र अशा फटीतून निघत नाहीत. ते रात्री टेम्पोत चढत, वर गवताचे भारे टाकून. नियम मोडला म्हणून या व्यवहाराला चोरी म्हणणे सोपे आहे. पण ज्याचे छप्पर उघडे होते त्याने दुसरे काय करायचे, याचे उत्तर आदेशात नव्हते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोली या पट्ट्यात कौले उडाली, सुपारीच्या आणि नारळाच्या बागा आडव्या झाल्या. टाळेबंदी नुकती सैल होत होती. एका दिवसात पत्रा आणि ताडपत्री या वस्तू अन्नधान्याच्या बरोबरीला आल्या. हा धडा पुढे थोडा उपयोगी पडला. एप्रिल २०२१ च्या 'ब्रेक द चेन' (साखळी तोडा) या नावाच्या राज्याच्या निर्बंध-आदेशांत पावसाळ्यासाठी लागणाऱ्या साहित्याचा उल्लेख सूट मिळालेल्या कामांत आला, आणि १६-१७ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले तेव्हा निदान त्यावर वाद घालत बसावे लागले नाही. यादी वरून येते हे खरे, पण तिच्यात भर खालून पडते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

आंबा : आंबा हा खाणाऱ्याच्या दृष्टीने चैनीचा आणि बागायतदाराच्या दृष्टीने वर्षाच्या पोटाचा. शेतमाल म्हणून त्याच्या वाहतुकीला बंदी नव्हती, पण वाशीच्या बाजारसमितीचे व्यवहार साथीमुळे अधूनमधून थांबले, परदेशी विमाने बंद होती आणि मजुरांची ये-जा अडली. पेटी भरून तयार, गाडीचा पास नाही, अशा अवस्थेत पिकणारे फळ थांबत नाही. या अडचणीतून थेट विक्री वाढली. सोसायटीच्या गटात नावे गोळा करायची, एकच टेम्पो भरायचा, गेटवर पेट्या उतरवायच्या, पैसे मोबाइलवर. मे २०२० मध्ये एसटीने मालवाहतूक सुरू केली आणि प्रवाशांविना उभ्या असलेल्या गाड्यांतून रत्नागिरीचा आंबा मुंबईला गेला. अडत्याला वगळून विकण्याची भाषणे कोकणात कित्येक वर्षे झाली होती. प्रत्यक्षात ते घडले बंदीच्या रेट्याने.

चाकरमानी : प्रवासावरील वादाचा गाभा हा शब्द आहे. मुंबईत नोकरी, गावात घर; रेशनकार्ड कधी इथले, कधी तिथले; देव मात्र गावचाच. अशा माणसाचे गावाला येणे म्हणजे प्रवास की घरी परतणे? आदेशाच्या भाषेत तो एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात विनाकारण जाणारा इसम होता. दहा बाय बाराच्या खोलीत सहा जणांनी अलग राहायचे कसे, हा त्याचा प्रश्न होता. एप्रिलमध्ये अनेक जण चालत निघाले. मे महिन्यात जिल्ह्याबाहेर जाण्याचे ई-पास मिळू लागले तेव्हा पाससोबत वैद्यकीय दाखला लागे, आणि गर्दी टाळण्यासाठी काढलेल्या नियमाच्या दाखल्यासाठी दवाखान्यांबाहेर रांगा लागल्या.

गावाकडची बाजूही पोकळ नव्हती. २०२० मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. सुरुवातीला घशाचे नमुने मिरजेला पाठवावे लागत. गंभीर रुग्णाला कोल्हापूर किंवा गोव्यातील बांबोळीचे सरकारी रुग्णालय गाठावे लागते, हे कोकणात कोणाला सांगावे लागत नाही. त्यातून वाड्यांमध्ये म्हातारी माणसेच अधिक. मुंबईहून मुलगा यावा ही इच्छा आणि तो आला तर काय ही भीती एकाच घरात नांदत होती. कशेडी घाटात आणि खारेपाटणला तपासणी नाके होते, आणि त्यापलीकडे काही गावांनी आडवी लाकडे टाकून आपले नाके उभे केले. त्यांना कायद्याचा आधार नव्हता. गावपातळीवर साथीचे काम पाहणाऱ्या ग्राम कृती दलाला होता, पण त्याची मर्यादा कुठे संपते हे फारसे कोणी विचारले नाही.

आलेल्याला अलगीकरणासाठी शाळेत ठेवले जाई. चौथीच्या वर्गात बाके जोडून केलेला पलंग, फळ्यावर मार्चमधली तारीख तशीच, डाव्या हाताच्या पाठीवर शिक्का. आई डबा घेऊन येई, गेटाच्या खांबावर ठेवून दहा पावले मागे जाई आणि तो डबा उचलेपर्यंत तिथे उभी राही. घर समोर दिसत असूनही चौदा दिवस तिथे जाता येत नाही, याचा राग पुढे ग्रामसभांतून बाहेर पडला. 'गाववाले' आणि 'मुंबयवाले' हे शब्द पूर्वी थट्टेचे होते. त्या उन्हाळ्यात ते टोचून बोलण्याचे झाले.

गणपती : २०२० ची चतुर्थी २२ ऑगस्टला होती. कोकणातल्या घरगुती गणपतीला 'सण' म्हणून बिगर-अत्यावश्यक ठरवणे कोणालाच जमले नसते, सरकारलाही नाही. घर वर्षभर बंद असले तरी त्या दिवशी ते उघडून मूर्ती बसलीच पाहिजे, आणि ज्याच्या पाळीचा गणपती त्याने आलेच पाहिजे. तोड निघाली ती हिशेबाची. अलगीकरण चौदाऐवजी दहा दिवसांचे करण्यात आले. म्हणजे जो १२ ऑगस्टपर्यंत पोचेल त्याचे दिवस चतुर्थीला बरोबर पुरे होतील. त्यानंतर येणाऱ्याला निघण्याआधीच्या ४८ तासांतली चाचणी आवश्यक. एसटीने येणाऱ्याला ई-पास नको, गाडीत बावीस प्रवासी. खासगी गाडीला पास हवाच. घरगुती मूर्तीला दोन फुटांची आणि सार्वजनिक मंडळाच्या मूर्तीला चार फुटांची मर्यादा होती, जिचा कोकणातल्या माजघरांना काही त्रास नव्हता.

या तोडग्यावर आक्षेप असा आला की दहा दिवस आधी रजा कोणाला मिळते? हातावर पोट असलेल्याला तर नाहीच. रेल्वेच्या खास गाड्या सुटू लागल्या तोवर १२ तारीख उलटून गेली होती. गंमत म्हणजे राज्यांनी ये-जा अडवू नये, वेगळा पास मागू नये, असे केंद्राचे पत्र निघाले ते नेमके २२ ऑगस्टला. अनंत चतुर्दशी १ सप्टेंबरची, आणि महाराष्ट्रातला ई-पास रद्द झाला २ सप्टेंबरपासून. विसर्जन करून परतीच्या रस्त्याला लागलेल्यांनी यावर काय म्हटले असेल ते सांगायला नको.

गावपळण : मालवण तालुक्यातील आचरा, चिंदर, वायंगणी या गावांत ठरावीक वर्षांनी, ग्रामदैवताचा कौल घेऊन, सगळे गाव गुरे-कोंबड्यांसह वेशीबाहेर जाते आणि तीन दिवस-रात्र झोपड्या घालून राहते. घरे बंद, देऊळ बंद, गावात चिटपाखरू नाही. टाळेबंदीच्या दिवसांत या प्रथेचा दाखला पुष्कळ दिला गेला, आणि तिचे मूळ जुन्या साथींत आहे असेही ठामपणे सांगितले गेले. तो तर्कच आहे. पण तुलनेत एक गोष्ट खरी आहे. गावपळणीत सगळे एकत्र बाहेर पडतात, परतायचे कधी हे देवाच्या कौलाने ठरते आणि त्यावर तक्रार नसते. टाळेबंदीत तारीख दर पंधरा दिवसांनी पुढे सरकत होती.

गोव्याची सीमा, पर्यटन, ऑनलाइन : सावंतवाडी, दोडामार्ग, बांदा इथले अनेक तरुण रोज गोव्यात कामाला जातात. त्यांची दुचाकीवरची तासाभराची ये-जा आदेशात 'आंतरराज्य प्रवास' झाली. मे २०२१ मध्ये गोव्याने चाचणीचा दाखला सक्तीचा केला तेव्हा महिन्याच्या पगारातला मोठा हिस्सा चाचण्यांतच जाणार, म्हणून गोव्याच्या हद्दीवरील पत्रादेवीच्या बाजूला असंतोष उसळला. पर्यटनाबाबत तर शब्दाचीच अडचण होती. तारकर्लीला येणे पाहुण्यासाठी मौज, पण खोली भाड्याने देणाऱ्या घरासाठी तोच रोजगार, आणि त्याचे उन्हाळ्याचे दोन मोसम लागोपाठ बुडाले. देवळे १६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याला उघडली तेव्हा गणपतीपुळ्याच्या फुलवाल्यांनी खरी दिवाळी केली असेल.

कापड, भांडी, चपला विकणाऱ्यांचा आक्षेप ऑनलाइन कंपन्यांवर होता : आमचे शटर खाली आणि त्यांचे खोके दारात. एप्रिल २०२० आणि पुन्हा एप्रिल २०२१ मध्ये ऑनलाइन विक्रीही अत्यावश्यक वस्तूंपुरतीच ठेवली गेली, त्यामुळे हा आक्षेप काही आठवडे लागू नव्हता. पण ती मर्यादा उठली तेव्हा दुकानांच्या वेळा मात्र तोकड्याच राहिल्या. हेच भांडण परदेशांतही झाले. वेल्समध्ये ऑक्टोबर २०२० मध्ये सुपरमार्केटना कपडे, किटलीसारख्या वस्तू विकायला मनाई झाली आणि त्या मांडण्या झाकून ठेवाव्या लागल्या. फ्रान्समध्ये त्याच सुमारास पुस्तकांची दुकाने बंद झाली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ती अत्यावश्यकांत घेतली गेली. जीवनाला काय लागते हे ठरवताना प्रत्येक देशाने आपापले घर दाखवले.

स्तर आणि पूर : जून २०२१ पासून राज्याने जिल्ह्यांचे पाच स्तर केले. चाचण्यांतील बाधितांचे प्रमाण आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटा यांवरून स्तर ठरे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग सुरुवातीला चौथ्या स्तरात होते, म्हणजे अत्यावश्यक नसलेली दुकाने बंद. मोजमापाची ही पद्धत आधीच्या सरसकट बंदीपेक्षा न्याय्य होती हे मान्य करायला हवे. तरी जिल्हा हे माप फार मोठे होते. चिपळूणच्या आकड्यांनी मंडणगडचे दुकान बंद, हे दुकानदाराला पटवून देणे कठीण.

२२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. तिथल्या कापडदुकानांत आणि भांड्यांच्या दुकानांत विकायचा राहिलेला माल भरपूर होता, कारण लग्नसराईत ती बंद होती. पाणी ओसरल्यावर तो रस्त्यावर आला : चिखलाने एकरंगी झालेले शालूंचे गठ्ठे, फुगलेल्या चपलांचे खोके. राज्यभरातून मदतीचे टेम्पो आले ते झाडू, फावडी, चटया, चादरी, बादल्या आणि गमबूट घेऊन. यातल्या बहुतेक वस्तू यादीत नव्हत्या. २ ऑगस्टला राज्याने निर्बंध सैल केले. ज्या अकरा जिल्ह्यांत ते तसेच राहिले त्यांत रत्नागिरी होते. दुकाने चारपर्यंत. चिपळूणच्या बाजारपेठेत तेव्हा अजून गाळ उपसणे चालू होते.